वाचकांचे प्रश्न : दक्षिणेच्या आकाशातली आडवी दीर्घिका

मागच्या अंकात आपण नरतुरंग तारकासमूहातल्या एनजीसी ४९४५ या दीर्घिकेचा फोटो छापला होता, तीच ती कडेने दिसणारी, लांबट, मधून काळपट धुळीने चिरलेली आणि आजूबाजूला ताऱ्यांचा नुसता सडा पडलेली. तेव्हापासून टपालात तोच विषय चालूय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून निवडक घेतेय.

प्रश्न : ताई, फोटो बघून वेड लागलं. पण ही दीर्घिका नक्की कुठे असते आणि मी राहतो तिथून दिसेल का? मी साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे.

दिसेल, पण काठावर पास. हिशोब सोपा आहे आणि दक्षिणेच्या कुठल्याही टार्गेटसाठी कॅमेरा बाहेर काढायच्या आधी हाच करायचा. एनजीसी ४९४५ चं डेक्लिनेशन, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, आहे उणे ४९.५ अंश (उणे म्हणजे दक्षिणेला). ९० मधून तुमचा अक्षांश वजा करा, मग हे ४९.५ वजा करा, उरतात २०.५. म्हणजे अख्ख्या रात्रीत ती क्षितिजापासून जास्तीत जास्त साडेवीस अंश वर येणार, तेही बरोब्बर दक्षिणेला असताना. १५ अंशांच्या वर ती जेमतेम चार तास राहते. तेच कोणी ३५ अंश दक्षिण अक्षांशावर असेल तर त्याला ती ७५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर मिळते आणि ३० अंशांच्या वर तब्बल अकरा तास, तेव्हा त्यांच्या फोटोशी आपल्या फोटोची तुलना करून नाराज व्हायचं नाही, खेळच वेगळा आहे.

जागा सांगते. ओमेगा सेंटॉरी हा भलामोठा तारकागुच्छ बायनॉक्युलरमध्ये सहज सापडतो, तिथून साधारण चार अंश नैऋत्येला सरका. तिथे झाय-१ आणि झाय-२ सेंटॉरी असे दोन तारे आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, दीर्घिका त्यांच्या अगदी शेजारी आहे, झाय-१ पासून तर अर्ध्या अंशाच्याही आत. एप्रिलच्या सुमारास ती मध्यरात्री दक्षिणेला येते, म्हणजे मार्च ते मे हा तिचा सीझन, जूनमध्ये अंधार पडल्या पडल्या लगेच सुरुवात केलीत तर थोडं काही हाती लागेल.

दक्षिण क्षितिज मोकळं पाहिजे हे वेगळं सांगायला नको. आणि मोकळं म्हणजे झाडं-बिल्डिंग नाही एवढंच नव्हे, त्या दिशेला गावाचे दिवेही नकोत. घराच्या दक्षिणेला मोठं शहर असेल तर उजेडाचा घुमट नेमका या वीस अंशांतच असतो, तेव्हा शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला राहील अशी जागा शोधा.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, ७०-३०० लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) आहे. मित्र म्हणतो गॅलेक्सीसाठी किमान हजार एमएमचा टेलिस्कोप लागतो, नाहीतर नाद सोड. खरंय का?

मित्राला सांगा, दीर्घिका-दीर्घिकांत फरक असतो. बहुतेक दीर्घिका चिमुकल्या असतात हे खरं, पण ही आकाशात २० आर्कमिनिट लांब आहे (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचा साठावा आर्कसेकंद), म्हणजे पूर्ण चंद्राच्या दोन तृतीयांश. आता एक सूत्र लिहून ठेवा: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये, की एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद आकाश मावतं ते कळतं. तुमचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनच्या आसपास धरला तर ३०० एमएमला येतात अडीच आर्कसेकंद, म्हणजे दीर्घिका जवळजवळ ४७० पिक्सेल लांब दिसणार. काळी धुळीची पट्टी ओळखू यायला एवढं पुरतं. ६०० एमएमला तीच ९४० पिक्सेल होते आणि मग पट्टीतले तुटक तुकडे, गाठी दिसायला लागतात. त्याच्या पुढे हजार-दीड हजाराला जाऊन मिळतं काय, तर तुम्ही वीस अंशांवर बघताय, तिथे हवाच एवढी उकळत असते की तारा तीन-चार आर्कसेकंदांचा फुगलेला असतो, त्या फुग्याचे आणखी बारीक तुकडे पाडून काय साधणार? माथ्यावर दीर्घिका असणाऱ्याला हजार एमएमचा फायदा आहे, तुम्हाला फारसा नाही.

झूम लेन्स ३०० ला थोडी मऊ, म्हणजे अस्पष्ट पडते, ताऱ्यांना निळी-जांभळी किनार येते, म्हणून तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एक स्टॉप बंद करून बघा किंवा २५० वर वापरा. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये झाय-२ वर धरून करा आणि रिंग टेपने चिकटवून टाका, तापमान उतरलं की तासाभराने परत तपासा. फ्रेम किती सेकंदांची यावर लोक भांडत बसतात, त्यात विशेष दम नाही. तुमचा ट्रॅकर ३०० एमएमला ६० सेकंद तारे गोल ठेवत असेल तर ६०, नसेल तर ३०. कॅमेऱ्यातल्या हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या भिंतीपासून सुटून पाव-एक तृतीयांशापर्यंत आला की झालं, त्याहून लांब फ्रेमने आकाशच उजळून जातं आणि ते दोन झाय तारे अजून पसरतात.

या दिशेला एक सूट मात्र मिळते. तारे खगोलीय विषुववृत्तावर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतात, पण उणे ४९ ला हा वेग दहाच्या आत येतो, त्यामुळे ट्रॅकरच्या बारीकसारीक चुका तेवढ्या कमी दिसतात.

ध्रुव साधणं, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं, उत्तर गोलार्धातल्यांना सोपं, ध्रुवतारा आहे. दक्षिण गोलार्धातून लिहिणाऱ्या दोघातिघांनी हेच विचारलंय की आम्ही काय करायचं, तर तिकडे सिग्मा ऑक्टंटिस नावाचा मंद तारा ध्रुवापासून अंशभर लांब आहे, ५.४ प्रतीचा, चंद्र असला की पोलर स्कोपमध्ये शोधता शोधता पुरेवाट. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा फोटो घेऊन प्लेट सॉल्व्ह करणारं, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणारं, सॉफ्टवेअर वापरा, डोकं शांत राहतं.

प्रश्न : शहरातून काढतो म्हणून ड्युअल नॅरोबँड फिल्टर घेतला. तेजोमेघ अफलातून येतात पण गॅलेक्सी एकदम मरून जाते. फिल्टर खराब आहे का?

फिल्टर ठणठणीत आहे, काम चुकीचं दिलंय. तेजोमेघाचा प्रकाश हायड्रोजन-अल्फा, ऑक्सिजन अशा ठराविक रेषांमध्ये येतो, फिल्टर तेवढ्याच रेषा आत सोडतो आणि बाकीचं आकाश अडवतो, म्हणून तिथे तो जादू वाटतो. दीर्घिका म्हणजे मुख्यतः अब्जावधी तारे, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, तो फिल्टर त्यातला नव्वद-पंच्याण्णव टक्के उजेड दारातूनच परत पाठवतो. रस्त्यावर जुने सोडियमचे दिवे होते तेव्हा ब्रॉडबँडचे लाइट पोल्युशन फिल्टर थोडी मदत करायचे, आता पांढऱ्या एलईडींचा उजेडही ताऱ्यांसारखाच सगळीकडे पसरलेला असतो, त्यामुळे तेही फिके पडलेत. दीर्घिकेवर खरा इलाज एकच, गाडी काढून अंधारात जाणं.

पण तो फिल्टर फेकू नका. या दीर्घिकेत तारे जोरात जन्माला येतायत आणि त्या जागा हायड्रोजन-अल्फात गुलाबी ठिपक्यांसारख्या चमकतात, आधी साधा रंगीत फोटो घेऊन वर अल्फाचे दोन-तीन तास मिसळले तर तबकडीभर ते ठिपके उठून येतात. इथे एक मेख आहे जी फार जण बघत नाहीत. एनजीसी ४९४५ आपल्यापासून सेकंदाला साधारण ५६० किलोमीटर वेगाने लांब चाललीय, त्यामुळे तिची अल्फा रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर न राहता जवळजवळ १.२ नॅनोमीटर लालकडे सरकते. तुमचा फिल्टर ७ नॅनोमीटरचा असेल तर काही बिघडत नाही, दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीनची मोकळीक आहे. पण हौसेने ३ नॅनोमीटरचा महागडा घेतला असेल तर त्याची खिडकी मध्यापासून दीडच नॅनोमीटर उघडी, रेषा अगदी चौकटीला जाऊन टेकते, वर दीर्घिका स्वतःभोवती फिरतेय त्यामुळे तिची एक बाजू अजून थोडी पुढे सरकलेली असते आणि ती बाजू कापली जाते. मग फोटोत एका अंगाला गुलाबी ठिपके आणि दुसऱ्या अंगाला नाहीत असं काहीतरी दिसतं आणि माणूस प्रोसेसिंगला दोष देत बसतो!

प्रश्न : एका रात्रीत किती टार्गेट करावेत?

एक. फार तर चंद्र उगवायला वेळ असेल आणि दीर्घिका मावळली असेल तर दुसरं.

प्रश्न : मी ४० मिनिटांचं स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकावर एक रचून एक फोटो) केलं, दीर्घिका दिसते पण नुसती राखाडी काडी, काळी पट्टी कुठेच नाही. आयएसओ वाढवू का?

आयएसओने प्रकाश वाढत नाही, आलेला प्रकाश फक्त मोठ्या आवाजात ऐकू येतो आणि खरखरही तेवढीच मोठी होते. तुम्हाला पाहिजे एकूण वेळ. सिग्नल (खरा प्रकाश) आणि नॉइज (ती खरखर) यांचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने सुधारतं, ४० मिनिटांवरून १६० मिनिटांवर गेलात तर दुप्पट चांगलं, त्याच्या दुप्पट पाहिजे तर दहा तास चाळीस मिनिटं. म्हणजे पहिल्या काही तासांत प्रचंड फरक दिसतो, नंतर प्रत्येक पायरी महाग होत जाते.

आता काळी पट्टी का हरवते ते बघा, कारण अशा फोटोचा जीव तिथेच आहे. सर्पिल दीर्घिका ही चपटी तबकडी, आपण ती जवळजवळ कडेने बघतोय. धूळ तबकडीच्या बरोब्बर मध्यपातळीत पातळ थरात साचलेली असते, आणि कडेने बघताना आपली नजर त्या थरातून लांबच लांब आरपार जाते म्हणून मागच्या ताऱ्यांचा उजेड अडतो आणि पट्टी काळी दिसते. म्हणजे पट्टी ही वस्तू म्हणून चमकत नाही, ती उजेडातली तूट आहे. ही तूट दिसायला तिच्या वरचा आणि खालचा उजेड स्वच्छ, कमी नॉइजचा पाहिजे. आकाशाची पार्श्वभूमी उजळ असेल तर ती तिन्हींवर सारखीच चढते, फरक तेवढाच राहतो पण त्या जादा उजेडाचा नॉइज त्याला गिळून टाकतो. वीस अंशांवर तुमच्या आणि दीर्घिकेच्या मध्ये माथ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट हवा असते, पंचेचाळीस अंशांवर सुमारे एक पूर्णांक चार पट, यावरून अंदाज घ्या. म्हणून खालच्या टार्गेटसाठी दक्षिणोत्तर रेषा ओलांडायच्या आधीचा दीड आणि नंतरचा दीड तास एवढाच माल खरा, बाकीच्या फ्रेम मोजणी वाढवायला ठेवू नका, एकेक तपासून मऊ पडलेल्या काढून टाका. तीन रात्री असे तीन-तीन तास जमवलेत तर राखाडी काडीची दीर्घिका होते.

फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा दुरुस्तीसाठीचा फोटो, घेता का ते लिहिलं नाहीत. घ्या. लेन्सच्या कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरची धूळ या दोन गोष्टी मंद फोटोत हमखास वर येतात, आणि आकाशातली धूळ शोधताना सेन्सरवरची सापडली असं नको. दर दोन-चार फ्रेमनंतर कॅमेरा थोडा हलवायचा, ज्याला डिदरिंग म्हणतात, तेही सुरू करा, नाहीतर नॉइजचे तिरके ओघळ येतात जे नंतर कशाने जात नाहीत.

प्रश्न : सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस करते. बॅकग्राउंड काढलं की दीर्घिकेची टोकं गायब होतात आणि रंग तर तपकिरी-पिवळट येतो. इंटरनेटवरच्या फोटोंमध्ये निळी असते! माझं काय चुकतंय?

तपकिरी रंगात तुमचं काहीच चुकत नाहीये. ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यापासून फक्त १३ अंश लांब आहे, तिचा प्रकाश आपल्याच घरच्या धुळीतून गाळून येतो, निळा जास्त अडतो, लाल जास्त येतो. त्यात तिची स्वतःची धूळ भरपूर. म्हणून फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून फोटोचा रंग बसवणं) केल्यावर जो मातकट-सोनेरी रंग येतो तो प्रामाणिक आहे, कडांना थोडा निळसरपणा असेल तो सॅच्युरेशन हळू वाढवून दाखवा, पण अख्खी तबकडी निळीशार करायचा मोह टाळा. खालच्या उंचीवर आणखी एक भानगड असते, वातावरण प्रिझमसारखं वागतं आणि निळी व लाल प्रतिमा उभ्या दिशेत काही आर्कसेकंदांनी वेगळी पडते, ताऱ्यांना एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी कड येते. रंगांचे तीन चॅनेल वेगळे काढून एकमेकांवर परत जुळवले की बरंच सुधारतं.

टोकं गायब होतात ती बॅकग्राउंड काढायच्या पायरीमुळे. आपोआप टाकलेले सॅम्पल ठिपके दीर्घिकेच्या मंद टोकांवर बसतात, प्रोग्रामला वाटतं हेच आकाश, आणि तो ते वजा करतो. दीर्घिकेच्या आजूबाजूचा, दिसते त्याच्या दुप्पट लांबीचा पट्टा मोकळा सोडून ठिपके हाताने टाका आणि पॉलिनॉमियल पहिल्या किंवा दुसऱ्या डिग्रीचंच ठेवा.

तारे वेगळे काढणारी सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात, इथे ताऱ्यांची एवढी गर्दी आहे की मोह होणारच. वापरा, पण काढलेल्या ताऱ्यांची प्रतिमा उघडून एकदा नीट बघा, दीर्घिकेतल्या गुलाबी गाठी त्यात जाऊन बसलेल्या असतात कारण प्रोग्रामला त्या तारेच वाटतात. आणि ते एआयचे शार्पनर... माझं मत स्पष्ट आहे, धुळीच्या पट्टीवर ते चालवू नयेत. तुमच्या डेटात नसलेले धागेदोरे ते बेधडक काढून देतात, दिसायला छान, पण मग तो तुमच्या दीर्घिकेचा फोटो राहत नाही. तारे आटोक्यात आणायला चालवायचे तर चालवा, माझी हरकत नाही.

प्रश्न : सीस्टार एस५० सारख्या स्मार्ट टेलिस्कोपने येईल का? आणि डोळ्यांनी?

येईल. २५० एमएम फोकल लेंथ आणि २.९ मायक्रॉनचा पिक्सेल, म्हणजे २.४ आर्कसेकंद प्रति पिक्सेल, दीर्घिका ५०० पिक्सेल लांब. वर सांगितलेला डीएसएलआरचा हिशोब आणि हा जवळपास सारखाच. फिल्टर बंद ठेवा आणि दोन तास हलवू नका. डोळ्यांनी मात्र अंधाऱ्या आकाशातून सहा-आठ इंची टेलिस्कोपमध्ये एक लांबट धूसर रेघ दिसते, बस. जेम्स डनलॉपने १८२६ मध्ये पॅरामाटाहून ती पहिल्यांदा नोंदवली तीही अशाच धूसर रेघेच्या रूपात, नऊ इंची आरशाच्या दुर्बिणीतून.

प्रश्न : फोटोत केंद्र इतकं मंद का? ही सक्रिय केंद्रकाची गॅलेक्सी आहे ना?

आहेच, टाइप २ ची सेफर्ट, म्हणजे सक्रिय केंद्रकाच्या दीर्घिकांचा एक प्रकार. पण केंद्राभोवतीची धूळ आणि वायू एवढे दाट आहेत की दृश्य प्रकाश जवळजवळ बाहेरच येत नाही. उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांत बघितलं तर हीच दीर्घिका आकाशातल्या सगळ्यात ठळक सेफर्टांपैकी एक. आपल्या कॅमेऱ्यात त्यातलं काहीही येणार नाही, तेव्हा केंद्र उजळवायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : एवढ्या खाली जाणं आमच्याकडून होणार नाही, दक्षिणेलाच डोंगर आहे. दुसरी एखादी सोपी आडवी दीर्घिका सुचवा ना.

एनजीसी २५३, शिल्पकार तारकासमूहातली. कॅरोलिन हर्शेलने १७८३ च्या सप्टेंबरमध्ये धूमकेतू शोधताना टिपलेली. डेक्लिनेशन उणे २५.३, म्हणजे २० अंश उत्तरेवरून ४५ अंशांपर्यंत वर येते आणि ३० अंशांच्या वर पाच तासांहून जास्त राहते. सत्तावीस आर्कमिनिट लांब, अंधाऱ्या जागेहून बायनॉक्युलरमध्येही दिसते. पूर्ण कडेने नाही, थोडी कलती आहे, त्यामुळे एकच सरळ काळी पट्टी न दिसता धुळीची चितारलेली नक्षी दिसते, नवशिक्यांना तीच आधी करायला सांगेन मी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री दक्षिणेला. दोनशे एमएमच्या लेन्सने घेतलीत तर आग्नेयेला पावणेदोन अंशांवरचा एनजीसी २८८ हा तारकागुच्छही त्याच चौकटीत येतो, कॅमेरा थोडा तिरका लावा म्हणजे दोघं कोपऱ्यात चिकटणार नाहीत.

त्याच भागात एनजीसी ५५ पण आहे, उणे ३९ ला, ती खरीखुरी आडवी, अर्ध्या अंशाहून लांब. पण ती मॅगेलनी मेघांच्या जातीची विस्कटलेली दीर्घिका, एक बाजू जाड एक बाजू निमुळती, नीट धुळीची पट्टी तिथे शोधू नका. आणि धुळीची पट्टीच पाहिजे, उंचीही पाहिजे, तर सरळ कन्या राशीच्या सीमेवरची सोम्ब्रेरो, म्हणजे एम १०४ घ्या, उणे ११.६ ला आहे, डोंगर ओलांडून वर येईल. फक्त ती नऊच आर्कमिनिटांची आहे, तिथे वरच्या प्रश्नातला मित्र म्हणतो तसला हजार एमएमचा टेलिस्कोप कोणाकडून उसना मागायला हरकत नाही.